जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचे पुढील ब्रेक



बुलढाण्याहून मलकापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे राजूरचा घाट लागतो. घाट उतरून गेलें कीं अजिंठ्याची डोंगररांग पाठीशीं राहते आणि पुढें मोताळा गांव येतें. हा घाट चढतांना मोटारीच्या इंजिनाची परीक्षा होते. उतरतांना मात्र परीक्षा होते ती ब्रेकची. चढावर इंजिन हरलें तर गाडी उभी राहते आणि प्रवाशांना थोडा त्रास होतो, इतकेंच. उतारावर ब्रेक हरला तर काय होतें, हें सांगण्याची जरूरी नाहीं. म्हणून आज एक जुनी स्पोर्ट्‌स मोटार आपण मनानें या घाटावरून उतरवूं, आणि तिचे पुढचे ब्रेक सुधारावयाचे म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें समजून घेऊं.

उदाहरणासाठीं ‘एम. जी. ए.’ ही मोटार घेतों. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथील कारखान्यांत १९५५ पासून १९६२ पर्यंत ती तयार होत असे. दोन माणसांची, बसकी, हलकी अशी ही गाडी. एकंदर एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या बाहेर पडल्या. ती निवडण्याचें कारण असें कीं, जुन्या मोटारींचे शौकीन आज जो फेरफार करूं पाहतात, तो या गाडीच्या कारखान्यानें स्वतःच एकदां केलेला आहे. १९५५ च्या गाडीला चारी चाकांवर दहा इंची ड्रमचे ब्रेक होते. १९५९ सालीं ‘१६००’ हा प्रकार निघाला, तेव्हां पुढच्या चाकांवर अकरा इंची डिस्क आल्या. मागें मात्र ड्रमच राहिले. कारखान्यानें पुढचेच ब्रेक कां बदलले आणि मागचे कां ठेवले, हें कळलें म्हणजे आपला अर्धा विषय उलगडला.

ब्रेक गाडी थांबवितो असें आपण म्हणतों. वस्तुतः ब्रेक हें गतीचें उष्णतेंत रूपांतर करणारें यंत्र आहे. गाडीची गति हवेंत विरून जात नाहीं. ती तापाच्या रूपानें ब्रेकच्या लोखंडांत शिरते आणि तेथून हळूहळू बाहेर पडते. माणसें धरून एक हजार किलो वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असली, तर तिला थांबवितांना सुमारें १४० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. वेग ९० वर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर उष्णता दीडपट न होतां सव्वादोनपट होते.

आतां घाटाचा हिशेब पाहा. समजा, हीच गाडी वेग न वाढूं देतां ३०० मीटर खालीं उतरवावयाची आहे. या उतरणींत सुमारें २,९४० किलोज्यूल उष्णता मोकळी होते. ६० च्या वेगांतून एकवीस वेळां गाडी थांबविण्याइतकी ही उष्णता झाली. घरांतील भाषेंत सांगावयाचें तर एवढ्या उष्णतेनें नळाचें नऊ लिटर पाणी उकळीस येईल. हवेचा आणि इंजिनाचा विरोध यांतील कांहीं वांटा उचलतो हें खरें. पण ज्यानें गाडी वरच्या गिअरमध्यें ठेवून सारा घाट ब्रेकवर पाय देऊन उतरण्याचें ठरविलें, त्यानें तो वांटाही बराचसा ब्रेकच्याच गळ्यांत घातला.

ही उष्णता चारी चाकांत सारखी वांटली जात नाहीं. एस. टी.नें अकस्मात् ब्रेक लावला म्हणजे उभे असलेले उतारू पुढें झुकतात, हा अनुभव सर्वांना आहे. गाडीचें वजनही तसेंच पुढें झुकतें. एक हजार किलोंची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर एम. जी. ए. प्रमाणें सुमारें २.४ मीटर, असें धरा. जोराचा ब्रेक लागला कीं सुमारें दीडशें किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर येतो. दोन्हीकडे पांचशें-पांचशें असलेला भार पुढें साडेसहाशें आणि मागें साडेतीनशें होतो. उतार असला तर पुढचा भार आणखी वाढतो. ज्या चाकावर भार अधिक, त्याचीच रस्त्यावरील पकड अधिक. म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढच्या चाकांनींच करावयाचें असतें, आणि बहुतेक तापही त्यांनाच सोसावा लागतो. कारखान्यानें पुढचे ब्रेक कां बदलले, याचें उत्तर यांत आहे.

आतां ड्रम आणि डिस्क यांतील भेद पाहूं. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारें लोखंडी डबें. त्याच्या आंत दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांवर लायनर बसविलेले असतात. पेडल दाबलें कीं शू फांकतात आणि लायनर ड्रमच्या आंतल्या बाजूस घांसतात. या रचनेंत एक मोठा गुण आहे: फिरणारा ड्रम पुढच्या तोंडाच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो, म्हणून थोड्या पायानें पुष्कळ ब्रेक लागतो. परंतु घर्षण डब्याच्या आंत होत असल्यामुळें उष्णता कोंडून राहते. ड्रम तापला कीं प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरतो, त्यामुळें पेडल अधिक खोल जातें. लायनर तापले म्हणजे त्यांची पकड मंदावते. आणि जो ड्रम शूला ओढून मदत करीत होता, त्याची मदतही त्याच प्रमाणांत आटते. गुणाचाच असा दोष होतो. त्यांतच पावसाळ्यांत आंत पाणी शिरलें तर पहिला ब्रेक लागतच नाहीं, आणि मग एकदम लागतो.

डिस्क म्हणजे उघड्यावर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनीं पॅड चिमटीसारखे दाबतात. ज्या घरांत हे पॅड असतात त्याला कॅलिपर म्हणतात. थाळी उघडी असल्यामुळें वारा तिला निववितो, पाणी भिरकावलें जातें, आणि ती तापून फुगली तरी पॅडपासून दूर न जातां त्यांच्याकडेच येते. ही कल्पना नवीन नव्हे. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. पण त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर त्याचे तांब्याचे पॅड टिकेनात, आणि कर्कश आवाजही होई. पुढें १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वार कंपनीची डिस्क ब्रेकची गाडी पहिली आली, आणि तासन्‌तास तापूनही पकड न सोडणारा ब्रेक जगानें पाहिला. सहा वर्षांनीं एम. जी. ए. च्या पुढच्या चाकांवर डिस्क आल्या, त्या याच परंपरेंतून.

मग जुन्या गाडीवर डिस्क आणून बसविली कीं काम झालें काय? येथेंच पुष्कळांची चूक होते. ब्रेक हा एक सुटा भाग नसून पेडलपासून टायरपर्यंतची एक सांखळी आहे. एक कडी बदलली कीं बाकीच्या कड्या तपासाव्याच लागतात.

पहिली गोष्ट पायाच्या जोराची. डिस्कला ड्रमप्रमाणें आपोआप ओढ मिळत नाहीं. म्हणून तितकाच ब्रेक लागण्यास ऑइलचा दाब अधिक हवा. कॅलिपरचे दट्टे मोठे असतात, त्यांना ऑइलही अधिक लागतें. मास्टर सिलिंडर फार लहान असला तर पेडल फळीपर्यंत जाईल. फार मोठा असला तर पाय दुखेल पण गाडी थांबणार नाहीं. दुसरी गोष्ट एका लहानशा झडपेची. ड्रमच्या गाड्यांत पाय काढल्यावरही नळींत किंचित् दाब शिल्लक ठेवणारी झडप असते. तीच झडप डिस्कच्या मार्गांत राहिली तर पॅड थाळीला चिकटून राहतात, आणि सरळ रस्त्यावरही ब्रेक तापत जातो. ज्या रोगावर औषध आणलें, तोच रोग औषधांतून यावा, असा हा प्रकार होय.

तिसरी गोष्ट पुढच्या-मागच्या समतोलाची. पुढें डिस्क आल्यावर मागच्या ड्रमचा जोर तुलनेनें अधिक राहिला आणि मागचीं चाकें आधीं जाम झालीं, तर गाडीची शेपटी फिरते. घाटाच्या वळणावर याहून भयंकर दुसरें कांहीं नाहीं. म्हणून जुळणी केल्यावर मोकळ्या, निर्जन जागीं कमी वेगानें आरंभ करून चाचणी घ्यावी, आणि पुढचीं चाकें आधीं जाम होतात याची खात्री करावी. या सर्व कारणांसाठीं निरनिराळ्या गाड्यांचे भाग गोळा करण्यापेक्षां त्याच जातीच्या पुढील गाडीची संपूर्ण जुळणी उचलणें श्रेयस्कर. ज्या कारखान्यानें गाडी केली, त्यानें हें गणित एकदां सोडविलेलें असतें.

चौथी गोष्ट ऑइलची. ब्रेक ऑइल हवेंतील पाणी शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें नवें ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये, असें प्रमाण आहे. पाणी मुरलेल्या ऑइलसाठीं तोच आंकडा १५५ वर येतो. घाटांत ऑइल उकळलें कीं नळींत वाफ होते; वाफ दाबली जाते, पण दाब पुढें पोंचवीत नाहीं, आणि पेडल रिकामें खालीं जातें. शिवाय या गाडींत चारी चाकांना ऑइलचा एकच मार्ग आहे. एक रबरी नळी फुटली तर चारी ब्रेक गेले. म्हणून डिस्कवर एक रुपया खर्च करण्यापूर्वीं नव्या नळ्या, नवें सिलिंडर-रबर आणि ताजें ऑइल यांवर खर्च करावा. कित्येकदां एवढें करून, ड्रम गोल करून, चांगले लायनर बसविले कीं मालकास आपली जुनीच व्यवस्था पुरेशी आहे असें दिसून येतें. एक इशारा मात्र विसरूं नये: जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ हवेच्या झोतानें किंवा फुंकरीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपावी.

आतां खरा प्रश्न. जुनी मोटार ज्या स्वरूपांत जन्मली त्याच स्वरूपांत राखावी, असें शौकीन म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें अवाजवी नाहीं. भारतांत २०२१ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें, प्रथम नोंदणीस पन्नास वर्षें होऊन गेलेली आणि मूळ स्वरूपांत जतन केलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदतां येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. ब्रेकचा उल्लेख त्या यादींत नसला, तरी कामास हात घालण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें हें बरें. आणि काम करावयाचेंच ठरलें, तर तें उलट फिरवितां येईल असेंच करावें: चॅसीला भोंक पाडूं नये, जोड देऊं नये, काढलेले ड्रम, शू आणि सांधे तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावे. पुढच्या पिढीस मूळ गाडी पाहावयाची असेल, तर ती पेटी उघडील. ज्याची गाडी वर्षांतून दोनदां प्रदर्शनास जाते, त्यानें ड्रम खुशाल ठेवावे. ज्याला ती घेऊन घाट उतरावयाचे आहेत, त्यानें मूळपणाच्या अभिमानाखातर शेजारीं बसलेल्या माणसाचा जीव पणास लावूं नये.

आणि ड्रम असोत वा डिस्क, राजूरच्या माथ्यावर एक गोष्ट सर्वांनीं करावी. ज्या गिअरनें घाट चढलां असतां, त्याच गिअरमध्यें उतरूं लागावें. पाय ब्रेकवर टेकवून ठेवूं नये. वेग वाढला कीं एकदां नेटानें दाबावा, मग सोडून द्यावा, म्हणजे लोखंडाला निवण्यास अवसर मिळेल. असें उतरलेल्या गाडीचीं पुढचीं चाकें मोताळ्यास पोंचल्यावर ऊन असतील, पण पेडल पायाखालीं घट्ट लागेल.