उत्तर वर की खाली?

जाळ्यावरची माणसं : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण यूजनेटचा जन्म पाहिला. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या डोक्यात कल्पना आली, शेजारच्या चॅपल हिलमधल्या स्टीव्ह बेलोविनने पहिला प्रोग्राम लिहिला आणि संगणक एकमेकांना फोन लावून माणसांच्या पोस्टी देऊ-घेऊ लागले. एवढा खटाटोप करून उभ्या केलेल्या चावडीवर माणसं काय बोलली? युनिक्सबद्दल बोलली, राजकारणाबद्दल बोलली, पाककृती दिल्या, विनोद सांगितले. पण वर्षानुवर्षं, न कंटाळता, दातओठ खाऊन भांडली ती भलत्याच गोष्टीवरून: उत्तर लिहायचं ते समोरच्याच्या मजकुराच्या वर की खाली?

आधी मामला काय तो समजून घेऊ. उत्तर द्यायची कळ दाबली की प्रोग्राम समोरच्याचा सगळा मजकूर उचलून आणी आणि प्रत्येक ओळीच्या डोक्याशी ‘>’ अशी खूण करी. त्या उत्तराला कुणी उत्तर दिलं की जुन्या ओळींवर खुणा दोन होत, मग तीन. कुठली ओळ कुणाची ते खुणा मोजून कळे. यंत्राचं काम इथे संपलं. जुन्या मंडळींची रीत अशी, की नको त्या ओळी उडवायच्या, हव्या त्या ठेवायच्या आणि प्रत्येकीच्या खाली आपलं म्हणणं लिहायचं. एक काल्पनिक नमुना:

> पुण्याहून रात्रीची गाडी आहे का?
आहे, साडेदहाची.
> तिकीट आधी काढावं लागेल का?
शनिवार-रविवार सोडला तर गरज नाही.
> तिकडे राहायची सोय होईल?
होईल, पण आधी कळवा.

आता हेच वर लिहिणाऱ्याच्या पद्धतीने:

आहे, साडेदहाची. शनिवार-रविवार सोडला तर गरज नाही. होईल, पण आधी कळवा.
> पुण्याहून रात्रीची गाडी आहे का?
> तिकीट आधी काढावं लागेल का?
> तिकडे राहायची सोय होईल?

प्रश्न विचारणाऱ्याला दोन्ही उत्तरं सारखीच कळतील. आपण काय विचारलं ते त्याला पाठ आहे. पंचाईत होते ती तिसऱ्याची. जो या दोघांपैकी कुणीच नाही, सहज वाचायला आलाय, त्याला ‘होईल, पण आधी कळवा’ म्हणजे काय होईल आणि कुणाला कळवा, हे समजायला खाली जाऊन पुन्हा वर यावं लागतं. यूजनेटवर हा तिसराच खरा वाचक होता. एक लिहिणार, एक उत्तर देणार आणि वाचणारे हजारो. उत्तर कुठे लिहायचं याचा वाद मुळात उत्तर कुणासाठी लिहायचं याचा होता, असं माझं मत आहे. भांडणाऱ्यांनी तो क्वचितच तसा मांडला, ही गोष्ट वेगळी.

त्यांना तसा मांडायची गरजही पडली नाही, कारण त्यांच्याकडे रोकड्या सबबी होत्या. पहिली सबब फोनच्या बिलाची. पोस्ट एका संगणकावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी टप्प्याटप्प्याने जाई, आणि बराचसा प्रवास साध्या टेलिफोन लाइनवरून, दर कमी असतात म्हणून रात्री. बिल भरणार कुणीतरी कंपनी किंवा विद्यापीठ, बहुधा साहेबाला फारसं न सांगता. लॅरी वॉल याने १९८४ मध्ये लिहिलेला ‘आरएन’ हा वाचनाचा प्रोग्राम पोस्ट पाठवण्याआधी दटावून विचारी, की तुमचा मजकूर हजारो यंत्रांवर जाणार आहे, त्यापायी जाळ्याला शेकडो, कदाचित हजारो डॉलरचा भुर्दंड पडेल, नक्की पाठवायचा ना?

दुसरी सबब वेळेची. त्या काळचं टर्मिनल म्हणजे ८० अक्षरांच्या २४ ओळी. ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण ३० अक्षरं येत. १,९२० अक्षरांचा पडदा भरायला एक मिनिटाच्या वर वेळ लागे. अशा लाइनवर बसलेल्या माणसासमोर कालच वाचलेला पडदाभर मजकूर ओळीओळीने पुन्हा उमटत गेला आणि तळाशी दोन शब्द आले, ‘मलाही असंच वाटतं’, तर त्याच्या तोंडून काय निघेल? शिस्तीची माणसं आपल्या ओळी ७२ अक्षरांतच मोडत. पुढे कुणी उतारा घेतला आणि दोनचार खुणा चढल्या तरी ओळ ८० च्या आत राहावी म्हणून. आपल्यानंतर कोण उत्तर देईल, त्याच्या उत्तराला कोण उत्तर देईल, त्यांच्यासाठी समासात जागा सोडायची! इतका पुढचा विचार आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही होत नाही.

तिसरी सबब सगळ्यांत महत्त्वाची, आणि आज ती समजावून सांगावी लागते. पोस्टी वेगवेगळ्या वाटांनी फिरत असल्यामुळे एखाद्या गावी उत्तर आधी पोचे आणि प्रश्न दोन दिवसांनी. कधी प्रश्न येऊन गेलेला असे, पण डिस्क भरली म्हणून पुसलेला असे. म्हणजे मूळ मजकुराचा थोडा तुकडा बरोबर नेणं ही हौस नव्हती, नडच होती. थोडा मात्र. सगळा नेलात तर बिल वाढतं, काहीच नेला नाहीत तर उत्तर अधांतरी लटकतं.

हे ‘थोडं’ लोकांना जमेना, तेव्हा यंत्रालाच पहाऱ्यावर बसवण्यात आलं. पोस्ट आत घेणाऱ्या ‘आयन्यूज’ या प्रोग्रामच्या काही आवृत्त्या ओळी मोजत. ‘>’ खुणेच्या ओळी नव्या ओळींपेक्षा जास्त निघाल्या की पोस्ट परत. लोकांनी मजकूर छाटला असेल? छे! तळाशी निरर्थक ओळी भरल्या आणि वर प्रामाणिकपणे लिहिलं, की हा आयन्यूजसाठी चारा आहे. काहींनी ‘>’ काढून दुसरंच चिन्ह लावलं. मोजणाऱ्याला ते ओळखता येईना. फोनचं बिल वाचवायला केलेल्या नियमामुळे बिल वाढलं.

सहीचंही तेच. पोस्टच्या शेवटी नाव, पत्ता, एखादं सुभाषित आपोआप जोडायची सोय होती. त्यात लोक अक्षरं आणि चिन्हं जुळवून तलवारी, किल्ले, नकाशे काढू लागले. एका ओळीच्या मताखाली पंधरा ओळींची सही! चार ओळी, प्रत्येकी ८० अक्षरं, ही मर्यादा ‘मॅक्वॅरी लिमिट’ म्हणून रूढ झाली. आणि ‘ऑल्ट.फॅन.वॉरलॉर्ड’ नावाचा एक गट तर अवाढव्य सह्या उचलून आणून त्यांची यथासांग टर उडवण्यासाठीच प्रसिद्ध झाला.

टर उडवण्यात पहिला मान ब्रॅड टेम्पलटनचा. अमेरिकेत एमिली पोस्ट नावाच्या बाईंचं शिष्टाचारावरचं पुस्तक १९२२ पासून घराघरांत होतं. टेम्पलटनने तिच्या नावावरून ‘एमिली पोस्टन्यूज’ उभी केली. ही बाई वाचकांच्या प्रश्नांना गंभीर चेहऱ्याने नेमका उलटा सल्ला देते. सही किती मोठी असावी? होईल तितकी, लेखापेक्षा तीच महत्त्वाची. उत्तर देताना मूळ मजकूर किती घ्यावा? सगळा घ्या, सही तर मुळीच सोडू नका. नवख्यांसाठीच्या गटात हा लेख नेमाने टाकला जाई. नियमांच्या यादीने जे झालं नसतं ते या बाईने केलं असावं, कारण यादी वाचताना माणूस सुटका शोधतो. चेष्टा वाचताना स्वतःला शोधतो.

तरीही हे सगळं चालत होतं, कारण शिकवायला वेळ मिळत होता. दर सप्टेंबरात अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवी पोरं येत, त्यांना खाती मिळत, ती महिना-दोन महिने गोंधळ घालत, बोलणी खात आणि वळणावर येत. मग अमेरिका ऑनलाइनसारख्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या लाखो गिऱ्हाइकांना यूजनेटचं दार उघडून दिलं. शिकवणारे तेवढेच राहिले आणि शिकणाऱ्यांचा लोंढा थांबेना. १९९४ च्या सुरुवातीला कुणीतरी वैतागून लिहिलं, की सप्टेंबर १९९३ हा कधीही न संपलेला सप्टेंबर म्हणून ओळखला जाईल. ‘अखंड सप्टेंबर’ तेव्हापासून जुन्या लोकांच्या तोंडी बसला. त्यात दुःख होतं तसाच थोडा सोवळेपणाही होता, हेही सांगायला हवं. ‘हा वर लिहितो’ एवढ्यावरून माणसाची जात ठरवायची आणि त्याचा प्रश्न न वाचताच त्याला हाकलायचं, असं सर्रास चाले. ज्याचा प्रश्न खरोखर अडला होता तो बिचारा समासाच्या भानगडीत मार खाऊन परत जाई.

खरा निकाल मात्र एका कर्सरने लावला. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ‘आउटलुक एक्सप्रेस’ घरोघरी पोचलं. त्यात उत्तराची कळ दाबली की कर्सर मूळ मजकुराच्या वर, सहीही तिथेच. नवा माणूस वर लिहू लागला तो कुणाला खिजवायला नव्हे. कर्सर जिथे लुकलुकतोय तिथे माणूस लिहिणारच. जुन्यांनी मग काय काय केलं! ‘उत्तर आधी, प्रश्न नंतर’ अशी उलट्या क्रमाची प्रश्नोत्तरं सहीत टाकून ती किती विचित्र वाचली जातात ते दाखवलं. जर्मनांनी ‘वर मजकूर, खाली अख्खा उतारा’ या चालीच्या जर्मन आद्याक्षरांतून ‘टोफू’ हे नाव पाडलं. कुणीतरी आउटलुकचं वळण सुधारणारा ‘ओई-कोटफिक्स’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहून फुकट वाटला. काहीही उपयोग झाला नाही.

वर लिहिणाऱ्यांची बाजूही इतकी लंगडी नव्हती. कचेरीतल्या ईमेलला तिसरा वाचक नसतो; असलाच तर तो उद्या येणारा साहेब, ज्याला सगळी साखळी एका जागी हवी असते. आपल्या सरकारी फाइलीत प्रत्येक अधिकारी आधीच्याच्या टिपणीखाली आपली टिपणी लिहितो आणि फाइल वरून खाली वाचली जाते. ईमेलची साखळी ही तीच फाइल, फक्त खालून वर वाचायची. नवं काय ते आधी दिसावं आणि पुरावा तळाशी राहावा, या सोयीत वावगं काही नाही. पडद्यावरचा मजकूर यंत्राकडून ऐकणाऱ्या अंध वाचकाला प्रत्येक वेळी जुना उतारा ऐकून मग नव्यापर्यंत पोचावं लागतं, हाही मुद्दा वर लिहिणारे मांडत, आणि तो बिनतोड आहे.

उलट, ओळीओळीखाली लिहिण्याच्या रीतीतही एक खोड होती आणि तिच्याबद्दल जुने लोक फारसं बोलत नसत. समोरच्याने चार परिच्छेदांत एक विचार बांधत आणलेला असतो. तुम्ही त्याची अठरा वाक्यं सुटी करता आणि प्रत्येकाखाली एक टोला हाणता. प्रत्येक टोला बरोबर असू शकतो, पण मूळ विचाराला उत्तर मिळालेलंच नसतं. तो पुन्हा तुमच्या अठरा टोल्यांखाली अठरा टोले लिहितो. ‘>’ चार झाल्या, पाच झाल्या, ओळी ८० च्या बाहेर जाऊन मोडल्या, आणि आपण कशावर भांडत होतो हे दोघांनाही सांगता येईना. यूजनेटवरच्या लांबलेल्या भांडणांत ही खोड पावलोपावली दिसते. पद्धत मुद्देसूद होती. तिने माणूस मुद्द्यावर राहीलच असं मात्र नव्हतं.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी संकलित केलेली ‘आरएफसी १८५५’ ही शिष्टाचाराची संहिता आली. तिच्यात उतारा घ्या पण संदर्भापुरता, सही चार ओळींची ठेवा, रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर ठेवून मग पाठवा, असं सगळं नीट नोंदलेलं आहे. ती आली त्याच्या दोनच महिने आधी, १५ ऑगस्टला, आपल्याकडे व्हीएसएनएलने सामान्य गिऱ्हाइकाला इंटरनेट द्यायला सुरुवात केली होती.

त्याआधी आयआयटी, टीआयएफआर, जुहूची एनसीएसटी अशा संस्थांपुरतं अर्नेट हे जाळं होतं, आणि परदेशी गेलेल्या मंडळींकडे ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा गट होता. तिथे मराठी लिहायची ती रोमन लिपीत, आणि अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ची पद्धत धरायची तर ट, ड, ण, ळ यांना मोठी अक्षरं वापरायची. आता शिष्टाचार म्हणतो, मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं. त्या हिशेबाने ‘बाळ’ म्हणताना शेवटी आणि ‘टाळाटाळ’ म्हणताना चार वेळा ओरडावं लागे! संहिता लिहिणाऱ्यांच्या समोर ही भाषा नव्हती, एवढंच.

वर-खालीचा वाद आज मिटला आहे का? लिनक्स कर्नलच्या लोकांत अजूनही वर लिहिलेलं उत्तर खपत नाही. तिथे तिसरा वाचक अजून जिवंत आहे, कारण त्याला तो बदल उद्या तपासायचा असतो. जीमेलने जुना मजकूर तीन टिंबांत दुमडून ठेवला आणि सामान्य माणसाला वादच दिसेनासा केला. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या निरोपाला बोट सरकवून उत्तर दिलं, की मूळ निरोप वर छोट्या पट्टीत आणि आपलं म्हणणं त्याखाली. म्हणजे जुने लोक जिंकले, तेही मजकूर छाटून! घरच्या ग्रुपवर मात्र ती सोय न वापरता पन्नास निरोपांनंतर नुसतं ‘हो’ लिहिणारे काका असतात. ते ‘हो’ लग्नाला येण्याबद्दल आहे की श्रीखंडाबद्दल, हे विचारायला शेवटी फोन करावा लागतो.

ज्यांना भांडायचंच नव्हतं त्यांच्यासाठी लॅरी वॉलने आपल्या प्रोग्राममध्ये आणखी एक सोय ठेवली होती. एखाद्या माणसाचं नाव एका फाइलीत लिहायचं, की त्याची पोस्ट पुन्हा कधी दिसत नाही. ‘किलफाइल’ आणि तिच्यात नाव पडताना काढला जाणारा ‘प्लॉंक’ हा आवाज, यांबद्दल पुढच्या आठवड्यात.