रुग्णालयाची मोरी आणि आरोग्याचे अर्थकारण

सार्वजनिक आरोग्यावरील खर्चाची चर्चा आपल्याकडे डॉक्टरांची संख्या, खाटा, यंत्रसामग्री आणि औषधांच्या किमती यांभोवतीच फिरत राहते. अतिदक्षता विभागातील बेसिन किती खोल असावे, नळाची धार त्यात नेमकी कोठे पडावी, हे प्रश्न या चर्चेत कधीच येत नाहीत. ते कंत्राटदाराचे आणि प्लंबरचे प्रश्न, असे आपण गृहीत धरून चालतो. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु या गृहीतकाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्याही कक्षेतला आहे.

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टरने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हाचा हा धडा आजही तितकाच खरा आहे. त्याला अनुसरूनच आधुनिक रुग्णालयांत रुग्णाच्या खाटेजवळ बेसिन आले. दुर्दैवाने संसर्ग टाळण्यासाठी केलेली ही सोयच काही ठिकाणी संसर्गाचे उगमस्थान ठरली.

टोरांटोचा अनुभव

कॅनडातील टोरांटो जनरल रुग्णालयात डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात ३६ रुग्णांना अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनास जंतूची बाधा झाली. हे रुग्ण अतिदक्षता व अवयवरोपण विभागांतले, म्हणजे मुळातच प्रतिकारशक्ती खचलेले. त्यांपैकी १७ जण तीन महिन्यांच्या आत दगावले. १२ जणांच्या मृत्यूस हा जंतू पूर्णतः वा अंशतः कारणीभूत होता. शोध घेता तो सापडला हात धुण्याच्या बेसिनखालील नळीत. बेसिन उथळ होते आणि नळाची धार थेट जाळीवर पडत होती. संशोधकांनी नळीत चमकणारे द्रव्य टाकून पाणी सोडले, तेव्हा शिंतोडे किमान एक मीटरपर्यंत उडाल्याचे आढळले. जंतुनाशके ओतूनही जंतू हटला नाही. अखेर शिंतोडे उडणार नाहीत अशी बेसिनची रचना केली, तेव्हाच साथ थांबली.

असे का व्हावे? बेसिनखालच्या नळीला एक वळण दिलेले असते. गटाराची दुर्गंधी वर येऊ नये म्हणून त्यात पाणी साठून राहते. तेथे जंतू बुळबुळीत थर करून राहतात आणि वरून ओतलेले जंतुनाशक त्या थराच्या तळापर्यंत पोचत नाही. आपण उरलेले सलाईन, चहा, दूध तेथेच ओततो. ते त्यांचे खाद्य होते. औषधांचे अंशही तेथेच जातात. त्यांनी दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि प्रतिकाराची जनुके एकमेकांना देतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की, खाद्य मिळाल्यास हा थर वळणातून दिवसाला सुमारे एक इंच वर चढतो आणि आठवड्याभरात जाळीशी येतो. त्यानंतर नळ सोडताच शिंतोडे उडून जंतू पसरू लागतात.

बचत कोणाची, भुर्दंड कोणाला?

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. उथळ बेसिन बसवून जागा व पैसा वाचतो तो बांधकामाच्या खात्यात. लांबलेल्या आजाराचा खर्च पडतो रुग्णाच्या कुटुंबावर. निर्णय एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याला, अशी स्थिती असली की बाजार आपण होऊन दुरुस्ती करीत नाही. शिवाय प्रतिजैविकांची परिणामकारकता ही गावाच्या गायरानासारखी सामायिक संपत्ती आहे. ती झिजविणारे अनेक, राखणारा कोणीच नाही. नव्या इमारतीसाठी भांडवली तरतूद सहज मिळते. देखभालीची तरतूद मात्र प्रथम कापली जाते. नळीच्या दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही, हेच त्यामागचे खरे कारण होय.

याचा अर्थ हात धुणे सोडावे असा मुळीच नाही. नेदरलँड्समधील नेमेगेन येथील रुग्णालयाने अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या खोल्यांमधून बेसिनच काढून टाकले आणि नळाच्या पाण्यावाचून शुश्रूषा सुरू केली. त्यानंतर या वर्गातील जंतू पूर्वीपेक्षा कमी रुग्णांत आढळू लागले. सर्वांनाच हा मार्ग परवडेल असे नाही. तथापि धार जाळीवर न पडेल असा नळ, पुरेसे खोल बेसिन, औषधे सिद्ध करण्याचा ओटा त्यापासून दूर, आणि सांडपाण्यासाठी वेगळी मोरी, एवढे निविदेच्या अटींत घालणे कोणत्याही शासनाला वा नगरपालिकेला अशक्य नाही.

आणि आपणही यातून सुटत नाही. रुग्णाला भेटायला गेल्यावर खाटेजवळच्या बेसिनमध्ये जेवणाचा डबा विसळणारे, उरलेला चहा ओतणारे आपणच असतो. नवे प्रतिजैविक शोधण्यास वर्षानुवर्षे लागतात आणि अफाट पैसा खर्ची पडतो. हाताशी असलेले टिकविण्यासाठी मात्र काही वेळा एक नळ चार बोटे सरकवणे पुरेसे असते. अंदाजपत्रकात या चार बोटांना जागा मिळणार आहे काय, एवढाच प्रश्न आहे.