हरकत नाही

रायपूरच्या जीई रोडवरून आमापाऱ्याकडून शारदा चौकाकडे निघालं की तात्यापाऱ्यापाशी रस्त्याचा गळा आवळला जातो. मागचा रस्ता ऐसपैस, पुढचाही बरा. मधल्या जेमतेम अर्ध्या किलोमीटरच्या तुकड्यात मात्र दोन्ही बाजूंची दुकानं अंगावर येतात. 'पारा' म्हणजे छत्तीसगढीत आळी. बूढ़ापारा, ब्राह्मणपारा, टिकरापारा यांच्या पंगतीत हा तात्यापारा बसलेला आहे आणि नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतात ते उगाच नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. त्यांच्यामागून कारकून, पुजारी, शिपाईप्यादे आले आणि इथलेच झाले. १९३५ पासून शहरात महाराष्ट्र मंडळ आहे. तात्यापारा ते शारदा चौक हा रस्ता रुंद करायचा विषय वर्षानुवर्षं रायपूरच्या राजकारणात उकळतो आहे. रस्ता रुंद व्हावा, याला कुणाचीच हरकत नाही. त्यात आपलं दुकान जावं, याला प्रत्येकाची आहे. घोडं मोबदल्यापाशी अडतं.

'हरकत' या शब्दाची रायपुरात एक गंमत होते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. हिंदीत त्याचा वळसा चाळ्यांकडे, आगळिकीकडे गेला. मराठीत तो आक्षेप झाला, आणि 'हरकत नाही' म्हणजे तर चक्क संमती. तेव्हा रायपूरच्या एखाद्या कचेरीत मराठी माणूस 'हमारी हरकत है' म्हणाला, तर समोरचा बाबू चमकून पाहणारच. तिथला शब्द आहे 'दावा-आपत्ति'. आपल्याकडे 'हरकती व सूचना'. शब्द निराळे असले तरी रिवाज एकच: सरकार नकाशा मांडतं, मुदत देतं, आणि मुदतीत जो बोलला नाही त्याची हरकत नाही, असं धरून पुढे जातं.

या धरून चालण्याबद्दलच मला लिहायचं आहे.

रायपूरचं नगरनियोजन चालतं ते 'नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३' या कायद्यावर. कायदा मूळ मध्य प्रदेशचा. २००० साली छत्तीसगढ राज्य वेगळं झालं तेव्हा तो वाटणीत आला. विकास योजनेचा मसुदा संचालकांनी प्रसिद्ध करायचा, लोकांनी ३० दिवसांत दावा-आपत्ति दाखल करायच्या आणि एका समितीने त्या ऐकायच्या, अशी रीत. या समितीची बांधणी कागदावर फार देखणी आहे. महापौर, खासदार, आमदार, जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष आणि ज्या गावांची जमीन योजनेत येते त्यांचे सरपंचसुद्धा तिच्यात बसतात. महाराष्ट्राच्या १९६६च्या कायद्यात हे काम नियोजन समिती करते. तिथे महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि त्यांच्या जोडीला तज्ज्ञ असतात, सरपंचाला खुर्ची नाही. या बाबतीत रायपूर आपल्यापुढे आहे, हे कबूल करायला हवं.

पण शहराचा मोठा आराखडा आणि प्रत्यक्ष जमिनीवर उतरणारी योजना या दोन वेगळ्या चिजा आहेत. मोठ्या आराखड्यात डोंगराएवढ्या भागावर पिवळा रंग फासला जातो, 'निवासी' म्हणून. माझ्या शेतातून रस्ता जाणार की बाग होणार, हे ठरतं ते खालच्या पायरीवर, नगर विकास योजनेत. ही योजना विकास प्राधिकरण आखतं. भूखंडांची फेरमांडणी असेल तिथे हरकती कोण ऐकतं? प्राधिकरणाचाच मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारी यंत्रणेतून आलेले आणखी दोघे. वरच्या पायरीवरचा सरपंच या पायरीवर दिसत नाही. ज्याने ताट वाढलं त्यालाच मीठ कमी आहे का विचारायचं, असा हा मामला.

रायपूर विकास प्राधिकरणाची नगर विकास योजना क्रमांक ४ म्हणजे 'कमल विहार'. शहराच्या दक्षिणेला डुंडा, बोरियाखुर्द, देवपुरी, डूमरतराई या बाजूची सुमारे १६०० एकर जमीन. धानाची शेतं, मधूनमधून वस्ती, काही लोकांनी पै-पै साठवून घेतलेले प्लॉट. योजना अशी की सगळ्यांनी जमीन एकत्र करायची, प्राधिकरणाने रस्ते, गटारं, वीज, बागा करायच्या आणि मूळ मालकाला त्याच्या क्षेत्राच्या ३५ टक्के विकसित भूखंड परत द्यायचा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हातात येणार १५,२४६. उरलेल्यातून रस्ते निघणार आणि काही भूखंड विकून प्राधिकरण खर्च भागवणार. भाव वाढल्यामुळे मालक तोट्यात जात नाही, असा हिशेब.

हिशेब मुळीच खोटा नाही. ज्याच्याकडे दहा एकर आहेत आणि जमीन विकायचीच आहे, त्याला तो पटतो. ज्याच्याकडे घराभोवतीची दीड हजार फूट जागा आहे, त्याला ३५ टक्क्यांत काय मिळणार? सव्वापाचशे फूट. आणि जो धान पिकवतो त्याच्या लेखी शेताचा भाव वाढून उपयोग काय. भावावर नांगर चालत नाही. एकाच नोटिशीने या तिघांना एकच प्रश्न विचारला होता.

काही मालक कोर्टात गेले. बिलासपूरच्या उच्च न्यायालयात हरले आणि तिथून दिल्लीला गेले. २९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा, इतका तो मुळाशी जातो. हरकती मागवल्या होत्या का, सुनावणी झाली होती का, या कागदी प्रश्नांवर न्यायालय थांबलं नाही. त्याने विचारलं की आराखडा आणि ही योजना यांच्या मधली पायरी, म्हणजे त्या विभागाची परिक्षेत्रीय योजना, कुठे आहे? ती नव्हती. पाया आणि छत होतं, भिंतींचा पत्ता नव्हता. दुसरा प्रश्न त्याहून मोठा. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नियोजनाचं काम लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे सोपवलं. कलम २४३ झेडडीप्रमाणे जिल्हा नियोजन समिती असायला हवी आणि तिचे पाचातले चार सदस्य पंचायती व नगरपालिकांच्या निवडून आलेल्यांतून यायला हवेत. अशा व्यवस्थेला वळसा घालून सरकारने नेमलेलं प्राधिकरण शहराचा तुकडा स्वतःच आखू शकतं का? नाही, असं उत्तर मिळालं.

मात्र तोवर रस्ते झाले होते, भूखंड विकले गेले होते. त्यामुळे दिलासा मिळाला तो अपील करणाऱ्यांना, त्यांच्या जमिनीपुरता. पुढे काँग्रेसचं सरकार आलं आणि वसाहतीचं नाव कौशल्या माता विहार झालं. कमळ हे कोणत्या पक्षाचं चिन्ह, हे सांगायला नकोच. नाव बदलायला दावा-आपत्ति मागवाव्या लागत नाहीत.

जमिनी एकत्र करून पुन्हा वाटण्याची ही कल्पना रायपुरात आभाळातून पडलेली नाही. तिचं भारतातलं आजोळ मुंबई. १९१५चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला या विषयावरचा पहिला कायदा. सरकारी सर्वेक्षक ए. ई. मिरॅम्स यांचा तो घडवण्यात मोठा हात होता. बीज जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं आणि काही भाग इंग्लंडच्या १९०९च्या कायद्याचा. या कायद्यात एक गोष्ट पहिल्यापासून होती, ती म्हणजे लवाद. मूळ भूखंड केवढा, अंतिम भूखंड कुठे आणि केवढा, भरपाई किती, हे एकेका मालकाला समोर बसवून ठरवायचं. काम भयंकर रेंगाळतं. एकेका नगररचना योजनेला (टीपी स्कीमला) वीस-वीस वर्षं लागल्याच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. म्हणून कुठेकुठे ही पायरीच आखडती घेण्याचा मोह होतो. रेंगाळणारी सुनावणी आणि झटपट नोटीस यांतून निवडायचं झालं, तर मी रेंगाळणारी घेईन. पण माझं शेत नाही, हेही खरं.

मुंबईला मात्र नोटिशीनेच एकदा धडा शिकवला. २०१४ ते २०३४ या वीस वर्षांसाठीचा विकास आराखडा २५ फेब्रुवारी २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. हरकतींना मुदत ६० दिवस. लोकांनी नकाशे उलगडले तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तूंची नोंदच नाही, आरे कॉलनीचा हिरवा भाग बांधकामाला मोकळा. मुदत संपायला तीन दिवस बाकी असताना, २१ एप्रिलला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करायला सांगितलं. २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला, त्यावर सुमारे ८४ हजार हरकती-सूचना आल्या आणि २०१८ मध्ये तो मंजूर झाला. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांहून अधिक हरकती होत्या. त्या आकड्यांचं आपल्याला कौतुक वाटतं, लोक किती जागरूक म्हणून. मला त्यात उलटं दिसतं. हरकत ही शेवटच्या घटकेला ओढायची साखळी आहे. हजारो लोकांनी एकदम ती ओढली, याचा अर्थ गाडी सुटण्याआधी कुणी त्यांना कुठे जायचं ते विचारलं नव्हतं.

मुंबईतच त्याआधी एक वेगळा प्रयोग झाला होता, त्याची आठवण फारशी निघत नाही. आराखड्याच्या आधी 'सध्याचा जमीन वापर' दाखवणारे नकाशे खुले केले गेले. 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' या आघाडीतल्या संस्थांनी ते वस्त्यांमध्ये नेले. लोक नकाशाभोवती बसले आणि विचारू लागले, आमचा कोळीवाडा कुठाय? गावठाण कुठाय? ही जागा रिकामी दाखवली आहे, तिथे तर आम्ही राहतो! नकाशा वाचणं ही काही जन्मजात विद्या नाही. त्यात उत्तर दिशा कुठे, आपला पिंपळ कुठे, एवढं सापडलं की वस्तीतली बाई बोट ठेवून चुका काढायला लागते. रायपूरच्या शेतकऱ्यापुढे येतो तो खसरा क्रमांकांचा, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नंबरांचा तक्ता. खसरा नंबर त्याला पाठ असतो. पण त्या नंबरावरून अठरा मीटरची रेघ गेली म्हणजे विहीर राहते की जाते, हे तक्ता सांगत नाही.

आणि जिथे आधी कळलं नाही तिथे हरकत मागून येते, वेगळ्या रूपात. शहराबाहेर वसवलेली नवी राजधानी, नवा रायपूर पाहा. रुंद रस्ते, काचेच्या इमारती. २०१२च्या नोव्हेंबरात मंत्रालयही तिकडे गेलं. ३ जानेवारी २०२२ पासून तिथल्या बाधित गावांचे शेतकरी तिथल्या विकास प्राधिकरणाच्या इमारतीसमोर महिनोन्महिने धरणं धरून बसले. मोबदला, भूखंड, रोजगार अशा मागण्या होत्या. दावा-आपत्तिची मुदत तर केव्हाच संपून गेली होती.

दिवाळी अंकात लिहितो आहे म्हणून नव्हे, पण या विषयातली मला सर्वांत आवडणारी हकिकत दिवाळीचीच आहे, आणि होळकरांच्या इंदूरची. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये भारतात आला आणि गावोगाव फिरत नगररचनेचे अहवाल लिहू लागला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. १९१७ मध्ये तो इंदुरात होता आणि शहर प्लेगने हैराण होतं. हा गोरा माणूस नकाशे घेऊन गल्लीबोळांत हिंडतो म्हटल्यावर लोकांना वाटलं, घरं पाडायला आलाय. गेडिसने नोटीस काढली नाही. त्याने दरबाराकडून दिवाळीची मिरवणूक मागून घेतली आणि दवंडी पिटवली की यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जी आळी घरं झाडून, दुरुस्त करून स्वच्छ ठेवेल, तिथून जाईल.

पुढचे काही दिवस इंदुरात कचऱ्याच्या गाड्यांची रीघ लागली. मिरवणुकीत आधी रोगराईची सोंगं, घाणीचा राक्षस, प्लेगचा अवाढव्य उंदीर आणि रडकं संगीत. मग वाजंत्री बदलली आणि झाडूवाले आले, पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार. त्यांच्या मागून एक नवीच देवी, इंदूर नगरी, जिच्या झेंड्यावर शहराचा नवा आराखडा काढला होता. व्हायच्या घरांच्या, वाचनालयाच्या प्रतिकृती गाड्यांवर होत्या. शेवटी तुळशीची रोपं वाटली. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले.

यातला देखावा बाजूला ठेवा; राजेशाहीतच असली हौस परवडते. पण आराखडा लोकांच्या दारावरून गेला, लोकांनी तो मान वर करून पाहिला. आणि गेडिसचं एरवीचं कामही तसंच होतं. सरळ रेघ मारून वस्ती कापण्याऐवजी एखादी पडीक भिंत हटव, इथे चौक मोकळा कर, तिथे झाड लाव, अशी बारीक शस्त्रक्रिया तो सुचवायचा. त्यासाठी घर अन् घर चालत पाहावं लागतं. तात्यापाऱ्याचा अर्धा किलोमीटर असा कुणी दुकान अन् दुकान चालत पाहिला, तर काय सुचेल, हा विचार तिथल्या गर्दीत अडकलं की हटकून मनात येतो.

डुंडा-बोरियाखुर्दच्या बाजूला आता चारपदरी रस्ते आहेत. अपिलात ज्यांची नावं होती, निकाल त्यांच्यापुरता. बांधाला बांध लागून ज्यांचं शेत होतं, नोटीस तीच आली होती, पण दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत नव्हती किंवा नोटिशीतलं काही उमगलं नव्हतं, त्यांना मिळाला ३५ टक्क्यांचा भूखंड. कागदोपत्री त्यांची हरकत नव्हती.