सौरवाताच्या सीमेवरील विश्वकिरण

राजापूरच्या अर्जुना नदीचें पाणी पुढें खाडीस मिळतें. पावसाळ्यांत पूर आला म्हणजे गोडें पाणी खाऱ्या पाण्यास समुद्राकडे लोटतें. उन्हाळ्यांत नदीचा जोर ओसरला कीं भरतीचें खारें पाणी खाडींतून आंत चढतें. सूर्यमालेच्या सीमेवरहि असाच झगडा अखंड चालू असतो.

सूर्यापासून विद्युद्भारित कणांचा प्रवाह सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर वेगानें चोहोंकडे वाहतो. तो सौरवात होय. उलट दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेले अतिवेगवान कण, म्हणजे विश्वकिरण, बाहेरून आंत येऊं पाहतात. सौरवाताबरोबर वाहणारें चुंबकीय क्षेत्र त्यांतील पुष्कळांस परतवितें. सुमारें ११ वर्षांच्या चक्रांत सूर्य क्षुब्ध झाला म्हणजे पृथ्वीकडे येणारे विश्वकिरण घटतात. तो शांत झाला कीं वाढतात.

परंतु ही सीमा किरण केवळ अडवीत नाहीं. कांहीं किरणांस ती जन्महि देते. १९७० नंतर मंद विश्वकिरणांत ऑक्सिजन अपेक्षेहून फार अधिक आढळला. त्यावर शास्त्रज्ञांनीं असा तर्क केला: ताऱ्यांमधील विरळ वायूचे भाररहित अणु चुंबकीय क्षेत्रास न जुमानतां सूर्यमालेंत शिरतात. सूर्याजवळ त्यांचा एक इलेक्ट्रॉन गळतो. मग सौरवात त्यांस सीमेकडे वाहून नेतो, आणि तेथें प्रचंड वेग मिळून कांहीं कण परत येतात. हें खरें असल्यास अशा ऑक्सिजनचा एकच इलेक्ट्रॉन गेलेला असावा. ताऱ्यांहून आलेल्या कणांचे मात्र आठहि गेलेले असतात.

ही परीक्षा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या 'अनुराधा' उपकरणानें केली. १९८५ च्या एप्रिल-मे महिन्यांत तें चॅलेंजर यानांतून आठवडाभर पृथ्वीभोंवतीं फिरलें. त्यांत प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांची एक चवड स्थिर व दुसरी हळूहळू फिरती होती. दोहोंवरील खुणा जुळवितां कण केव्हां आला, व त्या वेळीं यान कोठें होतें, हें कळलें. येथें पृथ्वीचें चुंबकत्वच तराजू झालें. कारण सारख्याच वेगाच्या ऑक्सिजनच्या दोन कणांपैकीं अधिक भाराचा कण ध्रुवांकडेच अडतो, तर कमी भाराचा विषुववृत्ताकडे अधिक पुढें येतो. या कणांवर मुख्यत्वें एकच भार असल्याचें निष्पन्न झालें. तर्कास मोठें बळ मिळालें.

पुढें व्हॉयेजर-१ यानानें डिसेंबर २००४ मध्यें, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ९४ पट दूर, सौरवात एकाएकीं मंदावतो तें स्थळ ओलांडलें. हे कण तेथेंच सर्वांत विपुल सांपडतील ही अपेक्षा मात्र फसली. त्यांची संख्या आणखी पुढें वाढत गेली. ते नेमके कोठें वेग घेतात, यावर म्हणूनच नव्यानें विचार करावा लागला. ऑगस्ट २०१२ मध्यें, सुमारें १२२ पट अंतरावर, ते जवळजवळ लोपले आणि ताऱ्यांकडील विश्वकिरण एकदम वाढले. नदीचें पाणी सरलें होतें. यान समुद्रास लागलें होतें.