बॉस रजेवर, सरडे मजेत?

वीकेंड, पावसाळा, चार टाळकी आणि एक गाडी! पुण्याहून निघालेल्या अशा कितीतरी गाड्या साताऱ्यात नाश्ता उरकून, सज्जनगड आणि ठोसेघरचा धबधबा करत चाळकेवाडीच्या पठारावर पोचतात. ढगांत अर्ध्या बुडालेल्या पवनचक्क्या, भन्नाट वारा... फोटो तर होणारच. मग भाजलेलं कणीस, गरमागरम चहा आणि परतीचा रस्ता.

पण या पंख्यांची स्टोरी नुसतं वर बघून निम्मीच कळते. उरलेली निम्मी पायाखालच्या जांभ्या दगडात आहे.

घुबडाची आयडिया

पवनचक्कीचं पातं म्हणजे नुसती फळी नव्हे. ते आडवं कापलं तर आकार पक्ष्याच्या पंखासारखा दिसेल, पुढे फुगीर आणि मागे निमुळता. मोठ्या टर्बाइनच्या पात्याचं टोक ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने हवा कापतं, म्हणून तो ‘हूश्श... हूश्श’ आवाज.

यावर उतारा मिळाला घुबडाकडे. त्याच्या पंखाची पुढची कड कंगव्यासारखी आणि मागची झालरीसारखी असते. त्यामुळे घुबड जवळजवळ आवाज न करता उडतं आणि उंदराला पत्ताही लागत नाही. आता अनेक नव्या पात्यांच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते बसवतात, ते याच तत्त्वावर.

दुसरा गुरू समुद्रातला. हंपबॅक देवमाशाच्या परांवर पुढच्या कडेला टेंगळं असतात. फ्रँक फिश (आडनाव खरंच फिश!) या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने दुकानातल्या एका शिल्पावर ती पाहिली, तेव्हा शिल्पकार चुकलाय असंच त्याला वाटलं. २००४ मध्ये त्याच्या टीमने विंड टनेलमध्ये प्रयोग केला. टेंगळांचा पर सुमारे ४० टक्के जास्त तिरका केला तरी हवेवरची पकड सोडत नव्हता!

थोडक्यात, निसर्गाची कॉपी आपण मस्त करतो. पण तेच मशीन निसर्गात नेऊन उभं केलं की?

बॉस गेला, पुढे काय?

याचं उत्तर चाळकेवाडीनेच दिलं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा इथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी आढळले. आणि सरडे? त्यांची संख्या वाढलेली. त्यांच्यातला स्ट्रेस हार्मोन कमी, माणूस जवळ आला तरी पळायची घाई नाही. बॉस रजेवर गेल्यावर ऑफिसात जे होतं, अगदी तेच!

पण मजा इथेच संपते. गर्दी वाढली, खाण्यासाठी स्पर्धा वाढली. हा ‘सरडा सुपर्बा’ गळ्याच्या निळ्या-नारिंगी पंख्यासाठी प्रसिद्ध. नर तो फुलवून मादीला इम्प्रेस करतो. पवनचक्क्यांच्या भागातल्या नरांचे हे रंग फिके पडलेले आढळले. वर फिरणारं पातं खाली सरड्याच्या गळ्यापर्यंत पोचतं, ते असं.

मग पवनचक्क्या नकोत?

तसं मुळीच नाही. तुमच्या एसीला वीज लागतेच आणि ती कोळशाशिवाय मिळत असेल तर हवीच. प्रश्न ‘कुठे आणि कशी’ हा आहे. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार टर्बाइनचं तीनपैकी एकेक पातं काळं रंगवलं, तर पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांहून जास्त घटले, असं २०२० च्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडेही संधी आहे. जुन्या, छोट्या पवनचक्क्या काढून नव्या, ताकदवान बसवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये धोरण आणलं. त्याच विजेसाठी कमी खांब पुरणार असतील, तर ते कुठे रोवायचे हे ठरवताना घारी-गरुडांच्या वाटा आणि सरड्यांचे दगडही नकाशावर हवेत. घुबडाची आयडिया घेतली, तर त्याच्या भाऊबंदांना जागा ठेवायला नको?

चाळकेवाडीला जाताय?
- गाडी रस्त्यावरच ठेवा, पठारावर चाकं घालू नका.
- दगड उलटेपालटे करू नका. ती कुणाची तरी वन-रूम-किचन आहे.
- सरड्याचा पंखा बघायचाय? पावसाळ्यापूर्वीच्या उन्हाळ्यात जा आणि मान खाली ठेवा!