ऑरलँडोची सहल: आधी तारीख, मग हॉटेल

फ्लोरिडात ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी उघडलं, तेव्हा मोठ्यांचं प्रवेश तिकीट साडेतीन डॉलर होतं. प्रवेश आणि सात राइड्सची कुपनं मिळून 4.75 डॉलर. महागाई धरली तर हे 4.75 डॉलर 2024 मधले साधारण 37 होतात. 2025 मध्ये एका दिवसाचं तिकीट मात्र 119 ते 199 डॉलर होतं. त्यात राइड्स हव्या तितक्या वेळा करता येतात, हा फरक मान्य. तरी दर महागाईच्या कितीतरी पुढे गेलेत.

बजेट आखणाऱ्याने 119 आणि 199 यांच्यातल्या अंतराकडे सगळ्यात आधी बघावं. 2018 पासून तिकिटाचा दर तारखेवर ठरतो. स्वस्त टोक डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कातल्या कमी गर्दीच्या दिवसांचं, महाग टोक नाताळातल्या मॅजिक किंगडम पार्कचं.

न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब घ्या. आई-बाबा, पुण्याहून आलेले आजी-आजोबा, आठ वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणून तिकिटं पाच. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना जेमतेम पाचेक डॉलरची सूट असते, ती सोडून देऊ. साडेसहा टक्के विक्रीकर धरून स्वस्त दिवशी पाच जणांचे 634 डॉलर, महाग दिवशी 1,060. एका दिवसात 426 डॉलरचा फरक! डॉलर 85 रुपये धरला तर 36,000 रुपयांच्या वर. जास्त दिवसांचं तिकीट घेतलं की रोजचा दर उतरतो, पण तारखेचा चढ-उतार तिथेही असतोच.

न्यू जर्सीकरांना इथे एक खास सोय आहे. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात, न्यू जर्सीतल्या बहुतेक सप्टेंबरच्या सुरुवातीला. त्यामुळे ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे शाळा न बुडवता, कमी गर्दीत आणि कमी दरात मिळू शकतात, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा अनेकदा तेव्हा इथेच असतात. ऊन मात्र कडक. शिवाय हे चक्रीवादळांचे दिवस, म्हणून विमान आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्यावं.

रांग टाळण्याचा खर्च वेगळा. 1999 पासून वर्षानुवर्षं फास्टपास फुकट होता. 2021 मध्ये त्याच्या जागी माणशी रोज 15 डॉलरची सशुल्क सेवा आली. आता ती लाइटनिंग लेन मल्टी पास म्हणून मिळते आणि 2024 मध्ये गर्दीच्या दिवशी मॅजिक किंगडममध्ये 39 डॉलरपर्यंत गेली होती. त्या दराने पाचही जणांसाठी घेतली तर दिवसाला 195. मोठ्या राइड्सवर न बसणाऱ्या आजी-आजोबांसाठी ती घेऊ नये, 78 डॉलर तिथेच वाचतात. धाकट्यामुळे आई-बाबांपैकी एकाला बाहेर थांबावं लागलं, तर रायडर स्विच मागावं. एक जण राइड करून आला की दुसरा पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो. त्याला पैसे पडत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत डिस्नेचे नियम उदार आहेत. काचेची भांडी आणि दारू सोडून घरचं खाणं आत नेता येतं. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या दशम्या, कोरडी चटणी, चिवड्याचा डबा एवढ्यात सहा जणांची दुपार भागते. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, हे अनेकांना माहीत नसतं. बाटली चार डॉलरच्या आसपास, आणि त्या उन्हात माणशी तीन लागल्या तर दिवसाचे सत्तरेक डॉलर पाण्यावर जातात.

बाहेरचं हॉटेल स्वस्त दिसतं, पण गाडीने गेलात तर पार्कच्या पार्किंगचे पैसे रोज पडतात; 2025 मध्ये ते 30 डॉलर होते. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ते माफ आहेत. दोन्हींची तुलना हे पार्किंगचे पैसे बाहेरच्या हॉटेलच्या भाड्यात मिळवूनच करावी.

ज्येष्ठांना तिकिटात सवलत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण त्यांना रोज पार्कात नेण्याची सक्तीही नको. एक दिवस मॅजिक किंगडम सगळ्यांनी मिळून करावं. बाकीच्या एखाद्या संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या परिसरात जावं. तिथे प्रवेशही फुकट आणि पार्किंगही.