स्पायडरमॅनचं लग्न कुणी मोडलं?

लग्न मोडायला आपल्याकडे हुंडा, पत्रिका, मानपान अशी नाना कारणं पुरतात. पण नवरा-बायकोचा एकमेकांवर जीव आहे, घरात कुणाची तक्रार नाही, संसाराला वीस वर्षं झालेली आहेत, आणि तरीही तो संसार सैतानाशी सौदा करून मोडला. नुसता मोडला नाही, तर तो कधी झालाच नव्हता असं ठरवलं गेलं. असं एक लग्न आहे. ते २००७ साली अमेरिकेत मोडलं, आणि मोडलं ते कागदावर. नवरा पीटर पार्कर, म्हणजे आपला स्पायडरमॅन. बायको मेरी जेन वॉटसन. त्या निर्णयावरून कॉमिक्सच्या वाचकांत जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही.

चित्रातल्या माणसांच्या लग्नावरून पिकल्या केसांच्या माणसांनी भांडावं, हे ऐकून हसू येईल. मलाही आलं होतं. पण या भांडणात एक जुना प्रश्न आहे: गोष्टीतली बाई कशासाठी असते? तिचं स्वतःचं काही असतं, की नायकाला रडवण्यापुरतीच ती तिथे असते?

स्पायडरमॅन पहिल्यांदा आला १९६२ च्या ऑगस्टच्या अंकात. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. त्याआधीचे सुपरहीरो म्हणजे जणू देवळातल्या मूर्ती. सुपरमॅनचं वय वाढत नव्हतं. पीटरचं वाढत होतं. १९६२ मध्ये तो शाळेत होता, १९६५ मध्ये कॉलेजात गेला. घरात म्हातारी मे काकू, तिचं आजारपण, पैशांची ओढाताण. वाचणारी मुलंही त्याच्याबरोबरच शाळेतून कॉलेजात गेली. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण इथूनच निघालं आहे. काळ पुढे सरकतो असं या गोष्टीनं वाचकांना आधी दाखवलं, आणि मग एके दिवशी घड्याळच बंद केलं.

कॉलेजात त्याला ग्वेन स्टेसी भेटली, १९६५ च्या डिसेंबरच्या अंकात. विज्ञानाची विद्यार्थिनी, बाप पोलीस अधिकारी. मेरी जेनची गंमत निराळी. ती आली ती चक्क स्थळ म्हणून. मे काकू आणि शेजारची अ‍ॅना वॉटसन, म्हणजे मेरी जेनची आत्या, या दोघींनी पीटरच्या मागे लकडा लावलेला: आमची भाची एकदा बघ तर खरी. पीटर टाळाटाळ करतो. वाचकांना दोन वर्षं तिचं नुसतं नाव ऐकू येतं. एकदा ती दिसते, पण चेहरा फुलाआड. शेवटी १९६६ च्या नोव्हेंबरच्या अंकात, जॉन रोमिटाच्या चित्रांत, दार उघडतं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाचीच वाचा बसल्याचं ते दुर्मीळ उदाहरण असावं.

तिथून वाचकांचे दोन पक्ष झाले. ग्वेन की मेरी जेन? लोक तावातावानं पत्रं लिहीत. पण तो वाद लाडीगोडीचा होता. त्याला कडवटपणा आला १९७३ च्या जूनमध्ये.

त्या १२१ व्या अंकाचं नाव मुद्दाम शेवटच्या पानावर छापलं होतं, कारण नावातच ग्वेनच्या मृत्यूची बातमी होती. खलनायक ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायाला अचूक चिकटतं, ती वर येते. पण मेलेली. चित्रात तिच्या मानेजवळ कट्‌ असा बारीक आवाज लिहिलेला होता. म्हणजे तिला मारलं कुणी? गॉब्लिननं की वाचवणाऱ्यानं? वाचक हादरले. पुढे १२५ व्या अंकातल्या पत्रांच्या पानावर संपादक रॉय थॉमस यांना खुलासा करावा लागला की, पडता पडता एकदम थांबवल्याच्या हिसक्यानं ती गेली, आणि तिला वाचवणं शक्यच नव्हतं.

हा खुलासा विज्ञानाला धरून आहे. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात हेच उदाहरण घेऊन न्यूटनचा दुसरा नियम समजावला आहे. नव्वद मीटर पडल्यावर वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. तो क्षणात शून्यावर आणला तर मान टिकत नाही. जाळं हळूहळू ताणलं जायला हवं होतं. प्रेमातही असंच असतं असं एखादा कवी इथे म्हणेल. मी म्हणत नाही.

आता खरा प्रश्न. ग्वेनला मारायचं ठरलं कशावरून? आधी मे काकूला मारण्याचा विचार होता. काकूऐवजी ग्वेन, असं रोमिटानं सुचवलं. लेखक जेरी कॉनवे तेव्हा वीस वर्षांचा पोरगा होता. त्यानं पुढे सांगितलेलं कारण असं की, पीटर आणि ग्वेनचं प्रेम जिथवर आलं होतं तिथून पुढे फक्त लग्न उरत होतं. आणि लग्न झालं की नायक पोक्त होतो. म्हणजे ग्वेनचा गुन्हा काय? तिच्यामुळे घड्याळ पुढे गेलं असतं.

मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं मग ग्वेनचं झालं. जिवंतपणी जिला संपादकांनी शेवटी शेवटी रडण्यापलीकडे फारसं काम दिलं नव्हतं, ती मेल्यावर आदर्श प्रेयसी ठरली. आणि जिला सगळे उथळ समजत होते ती मेरी जेन? १२२ व्या अंकाच्या शेवटी दुःखानं पिसाळलेला पीटर तिला घालवून द्यायला टाकून बोलतो. ती दारापर्यंत जाते. दार आतून लावते आणि थांबते. चित्रांतली ती शेवटची चौकट मी पुनःपुन्हा पाहिली आहे. एक व्यक्तिरेखा माणूस होते ती कशी, हे शिकायचं असेल तर तिथे शिकावं.

चौदा वर्षांनी, १९८७ मध्ये, दोघांचं लग्न लागलं. कॉमिकच्या वार्षिक अंकात आणि वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत एकाच सुमारास. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर नटनट्यांना उभं करून समारंभही झाला. भटजी होता स्वतः स्टॅन ली! पण हौस फिटल्यावर संपादकांना घाम फुटला. १९९६ मध्ये मेरी जेनचं मूल जन्मताच गेलं, कारण बाप झालेला स्पायडरमॅन त्यांना नको होता. २००० मध्ये विमानाच्या स्फोटात तिलाच मेली असं दाखवलं. वाचकांनी ओरड केली, पुढच्या वर्षी ती परतली. २००४ मध्ये तर कहर झाला. मेलेल्या ग्वेनला जुळी मुलं असल्याची कथा आली. लेखक स्ट्रॅझिन्स्कीला त्या मुलांचा बाप पीटर हवा होता. वरून नकार आला: एवढ्या मोठ्या मुलांचा बाप म्हणजे नायक म्हातारा. मग बाप कोण ठरला? ग्वेनचा खुनी, तोच गॉब्लिन. नायकाचं वय झाकायला तिची अब्रू अशी वेशीवर टांगली. ही कथा रद्द करायला प्रकाशकांना २०२१ उजाडावं लागलं.

आणि मधे २००७. मे काकूला गोळी लागलेली. मेफिस्टो नावाचा सैतान म्हणतो, काकू वाचेल, पण तुमचं लग्न मला द्या. ते झालंच नव्हतं असं होईल. मार्व्हलचे मुख्य संपादक जो क्वेसाडा यांनी आपली भूमिका लपवली नाही. घटस्फोटित किंवा विधुर स्पायडरमॅन आणखी वयस्क वाटेल, म्हणून लग्नच पुसायचं. लेखक पुन्हा स्ट्रॅझिन्स्कीच. त्याला हा शेवट इतका नापसंत होता की शेवटच्या अंकांवरून आपलं नाव काढा असं त्यानं सांगून पाहिलं.

संपादकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. बारा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलासारखाच धडपडणारा नायक हवा, विवाहित गृहस्थ नको, हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. आणि जगप्रसिद्ध मॉडेलचा नवरा गरीब बिचारा वाटणं कठीणच. लग्न पुसल्यानंतरच्या काही कथा चांगल्या होत्या, हे त्या निर्णयावर चिडलेलेही मान्य करतात.

हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटतो तो गझलेमुळे. आमच्या गझलेतही हिज्र हवा, विसाल नको. विरहावर दिवाण भरतात, मीलनावर चार शेर जमत नाहीत. गझलेतल्या प्रेयसीला नाव नसतं, वय नसतं, घर नसतं. पण शेर दोन ओळींत संपतो. त्याला दुसऱ्या दिवशीची सकाळ नसते. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या गोष्टीला ती असते. तिथे विरह टिकवायचा तर दर वेळी एका बाईला मारावं लागतं, पळवावं लागतं, नाहीतर पुसावं लागतं. १९९४ मध्ये ग्रीन लँटर्न या नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं दाखवलं. १९९९ मध्ये गेल सिमोन या वाचक बाईनं अशा मारलेल्या, छळलेल्या, निकामी केलेल्या स्त्रियांची यादीच केली, आणि त्या फ्रिजवरून तिला नाव दिलं. सिमोन तेव्हा केस कापण्याचा व्यवसाय करीत होती. पुढे स्वतः वंडर वूमन लिहू लागली.

लग्नानं नायक संपतो का? इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ आठवा. ली फॉकनं १९३६ मध्ये त्याची गोष्ट सुरू केली, आणि डायनाला तब्बल एक्केचाळीस वर्षं ताटकळत ठेवून १९७७ मध्ये दोघांचं लग्न लावलं. पुढे जुळी मुलं झाली. वेताळ काही संपला नाही. त्याच्या गोष्टीत काळ पहिल्यापासून होताच; तो एकविसावा वेताळ, बाविसावा यायचा तर घरात पाळणा हलायलाच हवा. सुपरमॅनचं १९९६ चं लग्नही २०११ मध्ये पुसलं गेलं होतं, पण २०१६ मध्ये लोइस लेन पुन्हा त्याची बायको म्हणून आली, कडेवर नाही तर हाताशी आलेला मुलगा घेऊन.

स्पायडरमॅनच्या मुख्य मालिकेत मात्र हट्ट सुटला नाही. २०२२ मध्ये मेरी जेन दुसऱ्याच पुरुषाच्या घरात, दोन मुलांसह दाखवली. वाचक पुन्हा खवळले. त्याच प्रकाशकांनी जानेवारी २०२४ मध्ये वेगळ्या विश्वातली एक मालिका काढली, लेखक जोनाथन हिकमन. तिच्यातला पीटर पस्तिशीच्या आसपासचा, मेरी जेनचा नवरा, दोन मुलांचा बाप. पहिला अंक हातोहात संपला, पुन्हा पुन्हा छापावा लागला.

वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीची हकिगत तर आणखी मजेची. १९७७ पासून ती स्टॅन लीच्या नावानं चालत होती. २००९ च्या जानेवारीत तिथेही पीटर अचानक ब्रह्मचारी झाला. वाचकांची नाराजी पोचली असावी. मे महिन्यात एका सकाळी तो जागा झाला, शेजारी मेरी जेन होती, आणि मधले महिने स्वप्न ठरले. २०१९ च्या मार्चमध्ये नवी चित्रं थांबली, तोवर त्या पट्टीत ही दोघं नवरा-बायकोच होती.